बास गिटारसाठी रॅक प्रीअँप घेताय? आधी त्याची मागची बाजू वाचा

बास गिटारमधून येणारा सिग्नल क्षीण असतो. तो वाढवून त्याला टोन देणारं यंत्र म्हणजे प्रीअँप. रॅकमध्ये बसणारा प्रीअँप १९ इंच रुंद असतो आणि '१यू' म्हणजे १.७५ इंच उंची.

प्रीअँपवर स्पीकर वाजत नाही. कॅबिनेट वाजवायचं तर वेगळा पॉवर अँप हवा, म्हणजे खर्चही वाढला आणि वजनही. पण रावेतमध्ये सोसायटीच्या फ्लॅटमध्ये वाजवणाऱ्याला कॅबिनेट परवडलं तरी शेजाऱ्यांना परवडत नाही! त्यामुळे डीआय आउट असलेलाच प्रीअँप घ्या. घरी तो ऑडिओ इंटरफेसला जोडून हेडफोनवर वाजवता येतो, कार्यक्रमात थेट मिक्सरला.

अलेम्बिकचा एफ-२बी व्हॉल्व्हवर चालतो, टेक २१ चा सॅन्सअँप आरबीआय व्हॉल्व्हशिवाय. आवडेल तो घ्या.

सेकंडहँड किंवा अमेरिकेतून कुणी आणलेला असेल, तर मात्र मागच्या बाजूला छापलेलं व्होल्टेज वाचल्याशिवाय प्लग लावू नका. तिथे फक्त १२० व्होल्ट असेल, तर आपल्या २३० व्होल्टवर तो जळू शकतो. अशा वेळी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. त्याची किंमत सौदा करतानाच धरा.