क्राउनचं ऑईल: ज्या कामाची फाईलच नाही, त्याचा इतिहास

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींचा नेहमीचा प्रश्न असतो: "या विषयावर साधनं मिळतील का?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचा अर्थ बहुतेक वेळा "फाईल मिळेल का?" एवढाच असतो. म्हणून आज असं एक काम घेऊ, ज्याची फाईल कुठेच नाही. जीप, अँबॅसिडर किंवा बोलेरोच्या मागच्या डिफरन्शिअलचं ऑईल घरच्या अंगणात बदलणं. धुळे-जळगावकडे याला कुणी डिफरन्शिअल ऑईल म्हणत नाही. "क्राउनचं ऑईल" म्हणतात, नाहीतर नुसतं "नव्वद नंबर". हे शब्द आपलं पहिलं साधन. ते पुढे कामाला येतील.

आधी यंत्र समजून घेऊ, कारण यंत्र न समजता यंत्राचा इतिहास लिहिला की तो जाहिरातींचा इतिहास होतो. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं. किती जास्त? दोन चाकांमध्ये १.४ मीटर अंतर धरा. गाडी पूर्ण उलटी फिरवली की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साधारण ४.४ मीटर जास्त पळतं, वळण लहान असो की मोठं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला पक्की असतील तर एक चाक घासत ओढलं जाणार. (रेल्वेची चाकं आसाला पक्की असतात. तिथे चाकाचा काठ उतरता ठेवून काम भागवलंय. भुसावळला फलाटावर उभं राहून चाक नीट बघा, उतार दिसतो.)

बैलगाडीला ही अडचणच नाही. आख स्थिर, आणि दोन्ही चाकं त्याच्यावर आपापली मोकळी फिरणारी. बैल गाडी ओढतात, चाकाला कुणी फिरवत नाही. अडचण सुरू होते ती इंजिनाने चाकाला फिरवायला घेतल्यावर. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेक्युर यांनी १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी यावर तोड काढली: दोन चाकांच्या मध्ये दातेरी चक्रांचा असा संच, जो दोघांना ताकद देतो पण वेगवेगळ्या गतीने फिरू देतो. आपल्या गाडीखाली मधोमध जो भोपळ्यासारखा फुगवटा दिसतो, त्यात हाच संच असतो. त्यातलं मोठं चक्र म्हणजे क्राउन, त्याला फिरवणारं लहान ते पिनियन.

आता तेल. बैलगाडीच्या तुंब्यात वंगण घालणं हे गाडीवाल्याचं स्वतःचं काम होतं. वंगणाचा नळा गाडीखालीच लटकलेला असे. आख कुरकुरला की थांबायचं, चाक सैल करायचं, वंगण लावायचं. त्यासाठी कुणी मिस्त्री लागत नव्हता. तेलंही जवळपासचीच. एरंडेल तर हिंदुस्थानातल्या रेल्वेतही वंगण म्हणून वापरलं जाई, आणि 'कॅस्ट्रॉल' या नावातही एरंडेलाचं इंग्रजी नाव लपलेलं आहे. पण विसाव्या शतकात एक बदल झाला ज्याने हे घरचं तेल बाद केलं. १९२६ च्या सुमारास अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने मोटारीत हायपॉईड नावाची दातरचना आणली. यात पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसतं, त्यामुळे गाडीची बैठक खाली घेता येते आणि आवाज कमी होतो. किंमत अशी की दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, आडवे घासतातही. त्या दाबाखाली साधं तेल पिळून बाहेर निघतं आणि लोखंडाला लोखंड भिडतं. म्हणून तेलात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं घालावी लागली, जी दात्यावर पातळ थर धरतात. क्राउनच्या ऑईलचा तो उग्र, नाकातून न जाणारा वास गंधकाचा. अमेरिकेत या तेलांत कितीतरी वर्षं व्हेल माशाचं तेलही घालत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हेल संरक्षित झाल्यावर ते थांबलं. म्हणजे एरंडीच्या शेतापासून समुद्रातल्या व्हेलपर्यंतचा प्रवास या लिटरभर तेलात आहे. पण मोहात पडू नका. असा जागतिक धागा प्रबंधात दोन पानं घेतो, प्रबंध पेलत नाही. आपला प्रश्न धुळ्याच्या अंगणातला आहे.

हायपॉईड दाते इकडे मुख्यतः जीपमधून आले. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे अँबॅसिडर आली, फियाट आली, दोन्हींचं मागचं हाउसिंग असंच. खानदेशाचं वैशिष्ट्य त्याच्या रस्त्यांत आहे. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता धुळ्यात एकमेकांना छेदतात, आणि दुसरा पुढे जळगाव-भुसावळला जातो. त्यामुळे ट्रक, गॅरेज, पार्टची दुकानं, आणि त्यांच्याबरोबर ट्रकवाल्यांचे शब्द या पट्ट्यात मुरले. जीपवाल्या शेतकऱ्याने "क्राउन" हा शब्द कंपनीच्या पुस्तकातून घेतलेला नाही. पुस्तकात डिफरन्शिअल लिहिलेलं असतं. "क्राउन" हा गॅरेजचा शब्द. एखादा माणूस काय शब्द वापरतो यावरून त्याचं ज्ञान कुठून आलं हे कळतं. मुलाखतीत हा शब्द तुम्ही स्वतः आधी उच्चारू नका, समोरच्याला उच्चारू द्या.

"नव्वद नंबर"चीही गंमत आहे. इंजिनात चाळीस नंबर, क्राउनमध्ये नव्वद, म्हणजे नव्वद दुपटीहून घट्ट, असं बरेच जण सांगतात. तसं नाही. गिअर तेलाची मापपट्टी वेगळी आहे. गिअरचं ९० आणि इंजिनाचं ५० जाडीला जवळजवळ सारखेच. खरा फरक त्या गंधकी द्रव्यांत. म्हणूनच क्राउनचं जीएल-५ ऑईल जुन्या गिअरबॉक्सात ओतलं तर तिथल्या पितळी रिंगांना ते बाधू शकतं. तिथे जीएल-४ लागतं.

आता प्रत्यक्ष काम. ते सविस्तर सांगते, कारण यातली प्रत्येक पायरी एक पुरावा आहे.

गाडी पाच-सात किलोमीटर फिरवून आणायची म्हणजे तेल कोमट होऊन पातळ होतं. सपाट जागी उभी करायची, चाकांना दगड लावायचे. हाउसिंगला दोन बोल्ट असतात: एक तळाशी, तेल काढायचा, दुसरा साधारण अर्ध्या उंचीवर, भरायचा. नवखा माणूस खाली घुसतो आणि आधी खालचा उघडतो. जाणता आधी वरचा सैल करून बघतो. कारण साधं आहे: खालचा उघडून तेल सगळं सांडलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी कोरड्या क्राउनवर गॅरेजपर्यंतही नेता येत नाही. क्षेत्रकार्यात एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी हा नियम मला अहिराणीत एका दमात सांगितला, "भरानी जागा पहिले उघाड, मंग काढानी." पूर्वी कुणाची तरी गाडी अंगणात अडकली असणार, त्याशिवाय असा नियम जन्मत नाही. अपघातातून आलेलं ज्ञान तोंडी नियमात साठतं. कागदावर तो अपघात सापडणार नाही, नियम मात्र गावोगाव सापडतो.

तेल निघालं की खालचा बोल्ट बघायचा. बऱ्याच गाड्यांत त्याला चुंबक असतं. त्यावर राखाडी लेप असेल तर ठीक, ती दात्यांची रोजची झीज. बोटाला टोचणारा तुकडा निघाला तर मात्र क्राउन-पिनियन उघडावं लागणार. नवं ऑईल घट्ट, आणि भोक आडवं, त्यामुळे ते सरळ ओतता येत नाही. पिचकारीने किंवा बाटलीला नळी लावून, बाटली उंच धरून भरतात. किती? भोकाच्या काठावरून तेल ओघळायला लागेपर्यंत. लढाईच्या काळातल्या जीपच्या प्रत्येक हाउसिंगला सव्वा लिटरच्या आसपास लागे. पण मोजायची गरज नाही, भोकाची उंची हेच माप. गाडी बनवणाऱ्याने धरूनच चाललं होतं की हे काम मोजपट्टी नसलेला माणूसही करणार. एखादी वस्तू कुणासाठी बनवली हे असं वस्तूतच वाचता येतं. तेवढ्यासाठी मुलाखत घ्यायचीही गरज नाही, हात काळे करायची आहे.

हाउसिंगच्या वर एक बारकी टोपी असते, ब्रीदर. आत तेल तापलं की हवा बाहेर जाते, थंड झालं की आत येते. पावसाळ्यात नाल्यावरच्या फरशीवरून पाणी वाहत असतं. तापलेलं हाउसिंग त्या गार पाण्यात बुडतं, आतली हवा आकसते, आणि ब्रीदरमधून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल मग दुधाच्या चहासारखं दिसतं. असं तेल ठेवलं तर बेअरिंग गंजतात. तापी, गिरणा, पांझरा, बोरी आणि त्यांच्या शेकडो नाल्यांच्या या मुलखात कंपनीच्या पुस्तकातली किलोमीटरची मुदत म्हणूनच पुरी पडत नाही. इथले जुने जीपवाले किलोमीटरवर नाही, पोळा-दसऱ्याच्या सुमारास, पाऊस ओसरल्यावर तेल बघत. काही कंपन्या आता "आयुष्यभरासाठी भरलेलं तेल" म्हणतात. आयुष्य कुणाच्या हिशेबाने? जी गाडी तिसऱ्या मालकाकडे, केळीच्या बागेत, चिखलात चालणार आहे, तिचं आयुष्य त्या हिशेबात धरलेलं नसतं.

साधनांकडे येऊ. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये रस्ते आहेत, पिकं आहेत, व्यापार आहे. पुढची जिल्हा गॅझेटियरंही वाहतुकीवर प्रकरण देतात. एसटीसारखी संस्था असेल तर डेपोची नोंद असते. खाजगी गाडीची नोंद मात्र विकत घेताना होते, कर भरताना होते, अपघात झाला तर होते. ती रोज नीट चालली याची नोंद कुणी ठेवत नाही. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आपल्या सगळ्यांचं तीर्थस्थान आहे, पण तिथल्या दफ्तरात ही गोष्ट शोधू नका. इथे कागद म्हणजे गाडीबरोबर आलेलं तेलकट पुस्तक, पार्टच्या दुकानाची बिलं, आणि दाराच्या आतल्या बाजूला किंवा घराच्या भिंतीवर खडूने लिहिलेली तारीख. डेव्हिड एजर्टन यांचं 'द शॉक ऑफ द ओल्ड' आणि डेव्हिड अर्नोल्ड यांचं 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' ही दोन पुस्तकं आधी वाचा. पहिलं शोधापेक्षा वापराकडे आणि देखभालीकडे बघायला शिकवतं. दुसरं सायकल, शिलाई मशीन अशा यंत्रांमधून हिंदुस्थानकडे बघतं. पण अर्नोल्डमध्येही घरच्या माणसाने केलेल्या दुरुस्तीपेक्षा यंत्र आल्याची आणि वापरल्याची गोष्ट जास्त आहे, असं माझं मत. आपल्याला जागा आहे.

कालखंड कुठे तोडायचा? मी १९८३ ला तोडते. त्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिचं इंजिन पुढची चाकं फिरवतं, डिफरन्शिअल गिअरबॉक्सच्याच पेटीत बसलेलं आणि दोघांचं तेल एकच. डिफरन्शिअल गेलं नाही, दिसेनासं झालं. मागचा भोपळा नाही, वेगळा बोल्ट नाही, म्हणून वेगळा शब्दही नाही. मारुतीवर गाडी शिकलेल्या पिढीतल्या कित्येकांनी "क्राउन" हा शब्द ऐकलेला नाही. पण खानदेशात ही रेघ स्वच्छ पडत नाही. मारुती व्हॅन मागच्याच चाकांवर चालली. काळी-पिवळी जीप आणि मग बोलेरो आतल्या रस्त्यांवर राहिल्या. एकाच घरात कार अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाते आणि बोलेरोचं क्राउन अंगणात उघडतं, असं आजही दिसतं. पुण्या-मुंबईच्या कालखंडात खानदेश कोंबायचा नसतो, हे गाइडला पटवायला मला एक अख्खी बैठक लागली.

शेवटचा धागा, ज्यावर सध्या काम चालू आहे: काढलेलं तेल जातं कुठे? त्याला "जळकं ऑईल" म्हणतात, मग ते इंजिनाचं असो की क्राउनचं. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम लागू झाले आहेत. घरी तेल बदलणारा माणूस त्या साखळीत सहसा नसतो. त्याचं लिटर-सव्वा लिटर डब्यात राहतं. मग ते दाराच्या बिजागरीला लागतं, वाळवी लागलेल्या खांबाला लागतं, सेंट्रिंगच्या फळ्यांना लागतं. हाताला लागलं तर चामडीला वाईट, जमिनीत-विहिरीत गेलं तर त्याहून वाईट. आणि जिथे अजून बैलगाडी आहे तिथे ते तिच्या तुंब्यात जातं, जिथे पूर्वी घरचं वंगण जायचं. पुढच्या फेरीसाठी चोपडा-यावल पट्ट्यातली प्रश्नावली तयार केली आहे. त्यात "ऑईल कधी बदलता?" हा प्रश्न खाली ढकलून "मागच्या वेळी निघालेलं कशाला लावलं?" हा वर घेतला आहे. पहिल्या प्रश्नाला लोक पुस्तकातलं उत्तर देतात. दुसऱ्याला उठून डबा दाखवतात.