शिलाँगचा भूकंप आणि तीन लहरी

12 जून 1897 रोजी संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास आसाम हादरला. शिलाँगमधली दगडी बांधकामे बघता बघता जमीनदोस्त झाली. सुमारे 1500 माणसे दगावली.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम पाहणीला निघाले. जमिनीत रुतून बसलेले मोठमोठे धोंडे जागचे उडून बाजूला पडले होते आणि त्यांच्या खळग्यांच्या कडा मात्र शाबूत होत्या. धोंडा लोटला असता, तर कड मोडली असती. म्हणजे जमिनीने तो सरळ वर फेकला होता. गुरुत्वाकर्षणालाही भारी पडेल इतक्या जोराने.

खरे घबाड मात्र परदेशात होते. दूरचे धक्के टिपणारे भूकंपमापक तेव्हा हिंदुस्थानात नव्हते, पण इटली आणि युरोपातल्या इतर वेधशाळांतल्या लंबकांनी आसामचा धक्का नोंदवला होता. त्या आलेखांवरून ओल्डहॅम यांनी तीन प्रकारच्या लहरी वेगळ्या काढल्या. सर्वांत आधी पोचतात त्या प्राथमिक लहरी. त्या अनुतरंग असतात. ध्वनीसारख्या माध्यमाला दाबत-ताणत जातात आणि घन, द्रव, वायू तिन्हींतून पार होतात. (सोनोग्राफीतला श्राव्यातीत ध्वनी त्यांचाच भाऊबंद, फक्त त्याची कंपने सेकंदाला लाखोंच्या घरात.) मागून येणाऱ्या दुय्यम लहरी अवतरंग. त्यांत कण प्रवासाच्या दिशेला काटकोनात हलतात; द्रवाला स्वतःचा आकार टिकवण्याचा आग्रहच नसल्याने तिथे त्या चालत नाहीत. शेवटी भूपृष्ठ लहरी, संथ पण मोठ्या झोक्याच्या. घन पदार्थातून दोन प्रकारच्या लहरी जातात हे गणित प्वासाँ यांनी कितीतरी आधी मांडले होते, पृष्ठीय लहरींचे रॅले यांनी 1885 मध्ये. प्रत्यक्ष पुरावा आसामच्या भूकंपाने दिला.

या भूकंपानंतर हिंदुस्थानातही अशी यंत्रे आली: 1898 मध्ये कलकत्त्याजवळ अलीपूरला आणि त्याच सुमारास मुंबईत कुलाब्याला भूकंपशास्त्रज्ञ मिल्न यांच्या बनावटीचे भूकंपमापक बसले.

पुढे निवृत्त होऊन इंग्लंडला परतलेल्या ओल्डहॅम यांनी 1906 मध्ये दूरदूरच्या भूकंपांच्या वेळा ताडून पाहिल्या. पृथ्वीच्या पोटातून आरपार येणाऱ्या लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा पोचत होत्या. म्हणजे आत निराळ्या पदार्थाचा गाभा असला पाहिजे. तो द्रव आहे असे त्यांनी म्हटले नव्हते. शालेय पुस्तकांत ‘दुय्यम लहरी अडल्या, म्हणून गाभा द्रव’ हे एका दमात येते. प्रत्यक्षात तिथवर यायला वीस वर्षे गेली. 1914 च्या सुमारास बेनो गुटेनबर्ग यांनी गाभ्याची सीमा सुमारे 2900 किलोमीटर खोलीवर ठरवली, आणि तो द्रव असल्याचे हॅरल्ड जेफ्रीझ यांनी दाखवले ते 1926 मध्ये. त्यानंतर दहा वर्षांनी डेन्मार्कच्या इंगे लेहमान यांना प्राथमिक लहरींच्या नोंदींत त्या गाभ्याच्या पोटात आणखी एक गाभा सापडला. तो घन असल्याचे पुढे सिद्ध झाले.