प्रक्षेपक, सुवाह्य
चित्र, आकृती किंवा मजकूर भिंगांच्या साह्याने मोठा करून पडद्यावर पाडणारे व एका व्यक्तीस सहज नेता येण्याजोगे उपकरण. वर्गातील अध्यापन व कार्यालयीन सभा यांत ते मुख्यतः वापरतात. त्याचा इतिहास हा चित्रापेक्षा प्रकाशस्रोताचा इतिहास अधिक आहे.

डच शास्त्रज्ञ क्रिस्तीआन हायगेन्झ (१६२९–९५) यांनी १६५९ मध्ये जादूच्या कंदिलासाठी काही चित्रे रेखाटली. तेलाच्या दिव्यावर चालणाऱ्या या कंदिलाला संपूर्ण अंधार लागे. पुढे ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या ज्योतीत चुन्याचा तुकडा तापवून प्रखर प्रकाश मिळू लागला. पण वायूंचे ओझे आणि स्फोटाचे भय वक्त्याच्या वाट्याला आले. महाराष्ट्रात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९० च्या दशकात काचेवर रंगविलेल्या चित्रांचे खेळ ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने केले.

विजेच्या दिव्याने वायूंचे ओझे गेले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सेनेने प्रशिक्षणासाठी वापरलेला ओव्हरहेड प्रक्षेपक पुढे शाळांत रूढ झाला. विद्यार्थ्यांकडे तोंड करून, खोलीत अंधार न करता शिकविण्याची सोय त्याने केली. हा गुण नंतरच्या अनेक महागड्या उपकरणांत आढळत नाही. याउलट, १९६१ मध्ये आलेल्या कोडॅकच्या कॅरोसेल या पारदर्शिका-प्रक्षेपकास अंधारी खोली लागे. त्याचे उत्पादन २००४ मध्ये थांबले.

अंकीय प्रक्षेपणाचे दोन मार्ग १९८० नंतरच्या दशकात खुले झाले. एप्सन या जपानी कंपनीने १९८९ मध्ये द्रवस्फटिक प्रक्षेपक विक्रीस आणला. लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समध्ये सूक्ष्म आरशांची चकती शोधून काढली व १९९६ पासून तिच्यावर आधारित प्रक्षेपक मिळू लागले. एकाच चकतीवर फिरत्या रंगचक्रातून प्रकाश टाकून सर्व रंग दाखविता येत असल्याने उपकरण लहान झाले. त्याच सुमारास आलेल्या उच्च दाबाच्या पारदबाष्प दिव्याचा वाटा मात्र क्वचितच सांगितला जातो. त्याची प्रकाशकमान जेमतेम एक मिलिमीटर लांबीची असल्याने लहान भिंगांतूनही पुरेसा प्रकाश नेता आला. कॅसिओ कंपनीने २०१० मध्ये लेसर व प्रकाश-उत्सर्जक डायोड यांच्या संयोगाने पाऱ्याचा दिवा वगळला.

निवड करताना प्रथम खोलीतील उजेड पाहावा. १,५०० ल्यूमेनचा प्रक्षेपक २ × १·५ मी. पडद्यावर सरासरी ५०० लक्स प्रदीपन देतो. पडदा ४ × ३ मी. केल्यास ते १२५ लक्सवर येते. प्रक्षेपक काळा रंग पाडू शकत नाही. पडद्यावर बाहेरचा उजेड ३०० लक्स असेल, तर पांढऱ्या व काळ्या भागांच्या तेजाचे गुणोत्तर लहान पडद्यावर सु. २·७, तर मोठ्यावर केवळ १·४ उरते. म्हणून माहितीपत्रकातील हजारोंच्या गुणोत्तराला उजेडाच्या वर्गात अर्थ नाही. रंगचक्रात पारदर्शक खंड असल्यास पांढऱ्याचे तेज वाढते, रंगांचे वाढत नाही. नकाशे व रंगीत आलेख दाखवावयाचे असल्यास रंगीत प्रकाशाचा आकडा वेगळा विचारून घ्यावा.