फुफ्फुसाचा विलग तुकडा

क्वचित फुफ्फुसाचा एखादा तुकडा जन्मतःच श्वासनलिकांच्या जाळ्यापासून तुटलेला असतो आणि त्याला रक्त मिळते ते थेट महाधमनीतून. अशी भलतीकडून आलेली धमनी ह्यूबर यांनी १७७७ मध्ये नोंदवली. १८६१ मध्ये रोकिटान्स्की आणि रेक्टोरझिक यांनी स्वतंत्र आवरणातल्या जादा खंडाचे वर्णन केले. पुढे १९४६ मध्ये ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञ प्राइस यांनी ‘सीक्वेस्ट्रेशन’ हे नाव रूढ केले.

या अभ्यासाची खरी निकड शस्त्रक्रियागृहात होती. फुफ्फुसाचा खालचा खंड काढताना ही धमनी नकळत कापली गेली, तर तिचे टोक आत सरकते आणि महाधमनीच्या दाबाने रक्त उसळते. म्हणून आधी धमनी शोधून बांधायची, मगच पुढे जायचे, हा धडा सर्जनांनी घेतला. तो आजही मोलाचा आहे.

हा दोष काहींमध्ये पन्नाशी-साठी उलटेपर्यंत गुप्त राहतो. त्याच जागी वारंवार होणारा न्यूमोनिया किंवा खोकल्यातून पडणारे रक्त यांमुळे क्षयाचा वा कर्करोगाचा संशय येतो. सीटी अँजिओग्राफीत महाधमनीतून निघालेली ती धमनी दिसली, की निदान पक्के होते.