मापाचं माप

२००६ च्या उन्हाळ्यात वसमत तालुक्यातलं आमचं गाव गुडघे धरून बसलं होतं. घरटी दोन-तीन माणसं तापानं पडलेली. ताप उतरला तरी सांधे काही सुटेनात. पारावर एकच चर्चा, की हा ‘चिकनगुनिया’ कोंबडी खाल्ल्यानं होतो. माळकऱ्यांनाही झाला, तेव्हा कुठं ती चर्चा थांबली. खरं तर चिकुनगुनिया हा शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला. माणसाला वाकवून टाकणारा, असा त्याचा अर्थ. १९७३ साली बार्शीला त्याची साथ येऊन गेली आणि नंतर हा आजार आपल्याकडून जवळजवळ दिसेनासा झाला. तो २००५ च्या अखेरीस परत आला, आणि काही महिन्यांत आमच्या ओसरीवर पोचला.

माझ्या मायलाही त्यानं धरलं. तिसऱ्या दिवशी तिचं रक्त तपासणीला गेलं आणि उत्तर आलं, निगेटिव्ह. मी तेव्हा पुण्यात तपासणीचे संच बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला होतो. माय म्हणाली, “मला उठता येईना, अन् तुमचा कागद म्हणतो काही झालं न्हाई. कुणाचं खरं धरावं रे?”

मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. श्रोतेहो, त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं तर ते उंदरापासून सुरू करावं लागतं.

उंदीर आणि आजार म्हटलं की मराठवाड्यातल्या माणसाला १९९४ सालचं बीड जिल्ह्यातलं मामला गाव आठवतं, प्लेग आठवतो. मी म्हणतो तो उंदीर पांढरा, पिंजऱ्यात वाढलेला. आपल्या आरोग्याच्या इतिहासात त्यानं मापाड्याचं काम केलं आहे. पुण्यात १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र काढलं. आज आपण एनआयव्ही म्हणतो ती हीच संस्था; राष्ट्रीय विषाणू संस्था हे नाव तिला १९७८ साली मिळालं. देशात कोणकोणते विषाणू फिरून गेलेत, हे केंद्राला आधी शोधायचं होतं. विषाणू सापडणं कठीण, पण त्याच्याशी लढताना शरीर जी प्रतिपिंडं तयार करतं ती रक्तात मागं राहतात. पाऊस थांबला तरी चिखलात बैलांची पावलं दिसावीत, तसं.

ही पावलं मोजायची कशी? माणसाच्या रक्ताचा द्रव विषाणूत मिसळायचा आणि ते मिश्रण उंदरांना टोचायचं. उंदीर जगले तर रक्तात प्रतिपिंडं होती, मेले तर नव्हती. ताकद किती हे काढायला विषाणूची पातळी बदलत जायची, प्रत्येक पातळीला उंदरांचा वेगळा गट ठेवायचा आणि रोज सकाळी मेलेले मोजायचे. एका माणसाच्या एका प्रश्नाला कितीतरी उंदीर लागत. स्मिथबर्न, केर आणि गटणे यांनी या पद्धतीनं केलेली पाहणी १९५४ साली प्रसिद्ध झाली. जपानी मेंदूज्वराच्या विषाणूची आपल्याकडची पहिली चाहूल १९५२ च्या पाहणीत लागली, आणि ज्या भागांत ती लागली त्यांत आपला नागपूर जिल्हा होता. त्याच कामात १९६ जणांपैकी ३३ जणांच्या रक्तानं झिका विषाणूलाही अडवलं. आता हा आकडा जपूनच वाचावा लागतो, कारण एका कुळातल्या विषाणूंची प्रतिपिंडं भावकीतल्या दुसऱ्यालाही ओळखतात. महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण नोंदला गेला तो २०२१ साली, पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात.

पुढं उंदराची भूमिका बदलली. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टीन या दोघांनी उंदराच्या प्लीहेतल्या प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीचा कर्करोगाच्या पेशीशी संकर केला. कर्करोगाची पेशी मरत नाही आणि प्लीहेतली पेशी आपलं काम विसरत नाही. दोघींचा गुण एकीत आला. अशी एक पेशी वाढवली की तिच्या साऱ्या लेकी एकाच साच्याचं प्रतिपिंड बनवत राहतात. त्यांनी या शोधाचं पेटंट घेतलं नाही. १९८४ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यानंतर जगभरच्या तपासणी संचांत उंदराचं प्रतिपिंड शिरलं. डेंग्यू-चिकुनगुनियाच्या ‘एलायझा’ संचातसुद्धा रुग्णाची प्रतिपिंडं विषाणूला पकडतात का, हे सांगणारा शेवटचा साक्षीदार बहुतेक वेळा उंदराचं प्रतिपिंडच असतो. तो कमी पडला तर आजारी माणूस निरोगी ठरतो. जास्त झाला तर उलट होतं.

म्हणजे ज्या मापानं आपण मोजतो, ते माप आधी मोजलं पाहिजे. बाजारात वजन-मापांवर दर ठरावीक काळानं शिक्का मारून घ्यावा लागतो ना, तसंच. पेशी वाढवलेल्या द्रवात उंदराचं प्रतिपिंड नेमकं किती आहे, हे पाहण्याचं काम माझ्या वाट्याला होतं. आम्ही ते एलायझानंच करत असू. शहाण्णव खळग्यांची पाटी, द्रव घाला, थांबा, धुवा, पाटी कागदावर आपटा, पुन्हा घाला, पुन्हा धुवा. शेवटी निळा रंग आला की आम्ल घालून तो पिवळा करायचा आणि यंत्रात मोजायचा. दिवस त्यातच जाई. मध्येच वीज गेली तर तो दिवस वाया.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्याकडं मण्यांची पद्धत आली. तिचं मूळ कॅलिफोर्नियातलं. एडविन उलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९४ साली मांडली. यात दोन जातींचे मणी असतात, केसाच्या जाडीच्या सुमारे चारशेव्या भागाएवढे. दोन्हींवर उंदराच्या प्रतिपिंडाला धरणारी प्रतिपिंडं लावलेली असतात, आणि ती येतात बहुधा बकरीच्या रक्तातून. उंदराचं प्रतिपिंड मध्ये आलं की दोन जातींचा एकेक मणी त्याच्या दोन बाजूंना जुंपला जातो, एका जुवाला दोन बैल जुंपावेत तसा. मग लाल प्रकाश टाकायचा. पहिला मणी जवळच्या ऑक्सिजनला चेतवतो. हा चेतलेला ऑक्सिजन पाण्यात सेकंदाच्या काही लाखाव्या भागापुरताच जगतो आणि तेवढ्यात फार तर दोनशे नॅनोमीटर जातो. दुसरा मणी शेजारी असेल तरच तो उजळतो. मोकळे मणी अंधारातच राहतात, म्हणून धुवायचं कामच नाही. आणखी एक गंमत अशी, की टाकलेला प्रकाश ६८० नॅनोमीटरचा आणि बाहेर पडणारा ६१५ चा, म्हणजे जास्त ऊर्जेचा. पाटीचं प्लास्टिक किंवा द्रवातली घाण अशी उलटी करामत करत नाही, त्यामुळं खोटा उजेड फारसा मिसळत नाही.

औंढा नागनाथजवळ लायगो प्रकल्पाला २०२३ साली केंद्र सरकारची मंजुरी मिळाली, तेव्हा चार-चार किलोमीटरच्या बाहूंची माहिती वाचून आमचे गावकरी थक्क झाले होते. उजेडानं मोजण्याचा माझा संसार दोनशे नॅनोमीटरचा. तरी मला तोही पुरून उरला.

कारण त्यात मी तोंडावर आपटलो. मण्यांच्या पद्धतीनं एकदा एका घाण्याचं माप घेतलं, तर उजेड अगदी क्षीण. प्रतिपिंड कमी पडलं असं समजून मी संचातली त्याची मात्रा वाढवायची चिठ्ठी लिहिली. आमच्या विभागातल्या एक ज्येष्ठ बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “अहो, आधी शंभरपट पातळ करून बघा.” पातळ केलं आणि उजेड भरभरून वाढला! प्रतिपिंड कमी नव्हतंच, फार जास्त होतं. जुवं बैलांपेक्षा जास्त झाली तर प्रत्येक बैल आपापलं जू घेऊन वेगळा उभा राहतो आणि जोडी जमतच नाही. जिथं भरपूर आहे तिथं यंत्र ‘काही नाही’ म्हणतं. ती चिठ्ठी पुढं गेली असती तर किती निरोगी माणसांच्या कागदावर ‘पॉझिटिव्ह’ उमटलं असतं, या विचारानं मला आजही अस्वस्थ वाटतं. तेव्हापासून कुठलाही नमुना मी चार-पाच पातळ्यांवर मोजल्याशिवाय सही केली नाही. पेशी वाढवण्याच्या काही द्रवांत बायोटिन हे जीवनसत्त्व असतं. मण्यांची जुंपणीच बायोटिनवर बेतलेली असल्यानं तेही असंच फसवतं. हे मात्र मी चूक न करता, पुस्तक वाचून शिकलो.

आणि उंदीर? पेशींचा संकर करून झाला की त्या बाटलीत वाढतात, मोजमाप थेंबात होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी १९९८ साली केंद्राचे नियम आले, तेव्हापासून प्रत्येक उंदराचा हिशेब समितीपुढं द्यावा लागतो. रोज सकाळी मेलेले मोजण्याचं काम माझ्या पिढीला करावं लागलं नाही. ज्यांनी ते केलं, त्यांच्या वह्यांवर आपलं विषाणूंचं पहिलं ज्ञान उभं आहे.

मायच्या कागदाचं राहिलंच. चिकुनगुनियाची पहिली प्रतिपिंडं रक्तात तपासण्याजोगी व्हायला साधारण पाच दिवस लागतात. तिचं रक्त तिसऱ्या दिवशी घेतलं होतं. माप बरोबर असेलही, पण मोजायला अजून काही आलेलंच नव्हतं. मी पुन्हा दहाव्या दिवशी नमुना पाठवायला लावला. तो कागद पॉझिटिव्ह आला, तोवर माय काठी टेकत आखाड्यावर जायला लागली होती. कागद वाचून दाखवला तर म्हणाली, “आता सांगून काय उपेग? मला तर पहिल्याच दिवशी ठाऊक व्हतं.” तिचे सांधे त्या वर्षी दिवाळीपर्यंत दुखत होते.