औद्योगिक सहजीवन

औद्योगिक सहजीवन म्हणजे एका कारखान्यातून बाहेर पडणारी उष्णता, पाणी, वायू किंवा टाकाऊ पदार्थ जवळच्या दुसऱ्या उद्योगाने आपला कच्चा माल म्हणून घेण्याची व्यवस्था. जंगलात पडलेले पान बुरशी व जिवाणू कुजवतात आणि त्यातली पोषकद्रव्ये पुन्हा मुळांकडे जातात. द्रव्यांचा असा फेरा कारखानदारीत बसवता येईल काय, हा या कल्पनेमागचा प्रश्न आहे.

अर्थव्यवहाराला निसर्गाचे नियम लागू करण्याचा विचार त्याहून जुना आहे. निकोलस जॉर्जेस्कू-रोगेन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उत्पादनप्रक्रिया ही उष्मागतिकीच्या नियमांनी बांधलेली असल्याचे मांडले होते. कारखान्यांच्या पातळीवर ही चर्चा पुढे आणली ती जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातील रॉबर्ट फ्रॉश व निकोलस गॅलोपोलस यांनी. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील १९८९ च्या त्यांच्या लेखात उद्योगांची रचना परिसंस्थेच्या धर्तीवर करावी असे सुचवले होते. तोपर्यंत डेन्मार्कमधील एका लहान बंदराच्या गावी अशी रचना बरीचशी उभी राहिलीही होती.

हे गाव म्हणजे झीलंड बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कालुंडबोर्ग. तेथील आस्नेस औष्णिक वीजकेंद्र १९५९ मध्ये सुरू झाले, पाठोपाठ तेलशुद्धीकरण कारखाना आला. गावाचे भूजल मर्यादित असल्याने कारखान्यासाठी टिसो सरोवरातून पाणी आणायचे ठरले. १९६१ च्या या योजनेत जलवाहिनी नगरपालिकेने टाकली आणि खर्च कारखान्याने उचलला. पुढच्या सगळ्या देवाणघेवाणीची सुरुवात अशी पाण्याच्या टंचाईतून झाली. १९७२ मध्ये जिप्सम बोर्ड बनवणाऱ्या जिप्रॉक कंपनीने तेलकारखान्यातील जादा वायू बोर्ड सुकवण्यासाठी घेतला. एरवी तो चिमणीच्या टोकाशी जाळून टाकला जात असे. १९७६ पासून इन्शुलिन व विकरे तयार करणाऱ्या नोव्हो कंपनीच्या कारखान्यातील पोषकद्रव्ययुक्त गाळ आसपासच्या शेतांवर खत म्हणून, तोही फुकट, पोचू लागला. कंपनीलाही विल्हेवाटीपेक्षा हे स्वस्त पडत होते. नंतर इन्शुलिननिर्मितीतले उरलेले यीस्ट डुकरांच्या खाद्यात गेले.

खरा मोठा टाकाऊ माल मात्र वीजकेंद्राकडे होता. नुसती वीज बनवणाऱ्या कोळशाच्या केंद्रात इंधनातील सुमारे निम्मी उष्णता थंड करणाऱ्या पाण्याबरोबर वाहून जाते. आस्नेसने १९८१ पासून ती गावातील घरे ऊबदार ठेवण्यासाठी दिली. १९८२ पासून तेलकारखान्याला आणि नोव्होला वाफ पुरवली. राख सिमेंट कारखान्यांकडे गेली. १९९३ मध्ये धुरातील सल्फर डायऑक्साइड चुन्याच्या प्रक्रियेने काढण्याची यंत्रणा बसल्यावर त्यातून जिप्सम मिळू लागले. पूर्वी स्पेनहून खनिज जिप्सम आणणाऱ्या जिप्रॉकला ते दाराशीच मिळाले.

या सगळ्याचा आराखडा कोणीही आधी काढलेला नव्हता. प्रत्येक करार दोन पक्षांत, स्वतंत्रपणे आणि दोघांचा हिशेब जमला तेव्हाच झाला. पर्यावरणाचे कडक होत गेलेले नियम, पाण्याचा तुटवडा आणि तेलाचे भाव यांनी तो जमण्यास हातभार लावला. वाफ फार दूर नेता येत नाही, म्हणून अंतर निर्णायक ठरले. गाव लहान असल्याने व्यवस्थापकांची एकमेकांशी ओळख होती, ही गोष्टही कमी महत्त्वाची नव्हती. आधी नकाशा काढून मग त्यात कारखाने बसवण्याचे प्रयोग १९९० नंतर अमेरिकेत झाले. त्यांतले बरेच कागदावर राहिले किंवा लवकर गुंडाळले गेले. येल विद्यापीठातील मॅरिअन चर्टो यांनी २००७ मध्ये यावरून असे सुचवले की, नवी सहजीवने आखण्यापेक्षा आपोआप रुजलेली शोधून त्यांना बळ देणे अधिक फलदायी ठरते. तरीही जपानने १९९७ मध्ये सुरू केलेला परिसरस्नेही नगरांचा कार्यक्रम आणि चीनचा २००९ पासून अमलात आलेला चक्रीय अर्थव्यवस्थेचा कायदा सरकारी पुढाकारानेच घडले, हेही नोंदले पाहिजे.

या व्यवस्थेची मुख्य उणीव परावलंबनात आहे. ज्याचा कचरा हा इतरांचा कच्चा माल, त्याला कचरा कमी करण्याची घाई राहत नाही आणि त्याने धंदा बदलला की जाळे तुटते. आस्नेसमध्ये २०१९ च्या सुमारास कोळशाची जागा लाकडाच्या ढलप्या घेऊ लागल्या. हवामानाच्या दृष्टीने कोळसा सोडणे आवश्यकच होते. पण कोळशाच्या धुरातून मिळणारे जिप्समही त्याबरोबर गेले. शिवाय निसर्गाशी केलेली तुलना एका मर्यादेपुढे नेता येत नाही. परिसंस्थेचे चक्र सूर्याच्या ऊर्जेवर फिरते, कालुंडबोर्गचे कित्येक दशके खनिज इंधनावर फिरत होते. निसर्गात काहीच वाया जात नाही हे विधानही सैल आहे: दगडी कोळसा म्हणजे दलदलीतील वनस्पतींचा न कुजता राहून गेलेला साठा, निसर्गाने न फिरवलेला माल.

महाराष्ट्रात हे नाव न वापरता हीच पद्धत साखर कारखान्यांत फार पूर्वीपासून रूढ आहे. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के चोथा म्हणजे बगॅस निघतो. तो बॉयलरमध्ये जाळून कारखाना स्वतःची वाफ व वीज मिळवतो, आणि सहवीजनिर्मिती प्रकल्प असल्यास उरलेली वीज विकतो. मळी आसवनीत जाऊन तिचे अल्कोहोल व इथेनॉल होते, रस गाळताना उरणाऱ्या गाळाचे, म्हणजे प्रेसमडचे, कंपोस्ट शेतात परत जाते. अनेक कारखाने सहकारी असल्याने ऊस देणारा आणि खत नेणारा सभासद अनेकदा एकच असतो. कालुंडबोर्गपेक्षा हे वर्तुळ त्यामुळे लहान आणि घट्ट आहे. आसवनीतून निघणारा गडद, आम्लधर्मी स्पेंटवॉश मात्र नदी-विहिरींच्या प्रदूषणाचे कारण ठरत आला. तो आटवून बॉयलरमध्ये जाळल्यास राखेत पालाश उरते. अशा राखेपासूनच्या पालाशयुक्त खताचा समावेश २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या खत-अनुदान योजनेत झाल्यानंतर या राखेलाही खत म्हणून बाजार मिळू लागला.