फोर्तुनातो फ्रँको : एका हाफबॅकची कारकीर्द व तिची साधने

१९६२ साली जाकार्ता येथे भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारताने फुटबॉलचे सुवर्णपदक मिळविले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ४ सप्टेंबर रोजी दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात उतरलेल्या अकरा खेळाडूंची नावेही उपलब्ध आहेत : पीटर थंगराज, चंद्रशेखर, त्रिलोकसिंग, अरुण घोष, प्रशांत सिन्हा, फोर्तुनातो फ्रँको, प्रदीपकुमार बॅनर्जी, युसुफ खान, जर्नेलसिंग, चुनी गोस्वामी आणि बलराम. या यादीशेजारी अर्जुन पुरस्काराची यादी ठेवून पाहिली असता एक लक्षणीय बाब आढळते. १९६१ ते १९६७ या सात वर्षांत फुटबॉलसाठीचा तो पुरस्कार अनुक्रमे बॅनर्जी, बलराम, गोस्वामी, जर्नेलसिंग, घोष, युसुफ खान आणि थंगराज यांना देण्यात आला. म्हणजे त्या दिवशी आघाडीस खेळलेले पाचही जण, गोलरक्षक आणि एक बचावपटू इतक्यांचा गौरव झाला. मधल्या फळीत दोनच खेळाडू होते, सिन्हा आणि फ्रँको. ती दोन्ही नावे या यादीत नाहीत.

यावरून कोणावर पक्षपाताचा आरोप करण्याचे कारण नाही. पुरस्कार एका वर्षी एकासच मिळत गेला आणि दोन बचावपटूही त्यापासून वंचित राहिले. तथापि मधली फळी संपूर्णपणे वगळली जावी, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. खेळाच्या इतिहासाची जी साधने आहेत त्यांच्या घडणीतच याचे कारण शोधावे लागते.

ज्याला आज ‘मिडफिल्डर’ म्हणतात त्याला त्या काळी ‘हाफबॅक’ किंवा नुसते ‘हाफ’ म्हणत. तीन बचावपटू, दोन हाफ आणि पाच आघाडीचे खेळाडू अशी त्या सामन्यातील भारताची मांडणी होती. प्रतिपक्षाची चढाई मधल्या पट्ट्यातच अडविणे आणि हिसकावलेला चेंडू आघाडीच्या पायांशी पोचविणे, ही दोन्ही कामे हाफबॅककडे असत. जाकार्त्यात हा भार अधिकच वाढला. थायलंडविरुद्धच्या सामन्यात जर्नेलसिंग यांच्या डोक्यास जखम झाली होती, टाके पडले होते. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी या कसलेल्या बचावपटूस पुढील सामन्यांत आघाडीच्या मध्यभागी खेळविले. दक्षिण व्हिएतनामवर ३-२ असा विजय मिळाला आणि अंतिम सामन्यात बॅनर्जी व जर्नेलसिंग यांनी पहिल्या वीस मिनिटांतच दोन गोल केले. रहीम यांच्या या निर्णयाचे कौतुक सर्वत्र झाले आहे, आणि ते यथार्थच आहे. परंतु आपला सर्वांत भक्कम बचावपटू पुढे धाडणारा संघ मागे कोणाच्या भरवशावर उभा राहतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. याच कोरियाने गटसामन्यात भारताला २-० असे हरविले होते. इस्रायल व तैवान यांना स्पर्धेतून वगळल्याबद्दल गु. द. सोंधी यांनी घेतलेल्या आक्षेपामुळे यजमान नगरीत भारताविरुद्ध क्षोभ उसळला होता, भारतीय वकिलातीवर हल्लाही झाला होता. अशा विरोधी गर्दीपुढे वीस मिनिटांत मिळविलेली आघाडी पुढचे सत्तर मिनिटे टिकवावयाची होती. कोरियाला एकच गोल करता आला, तोही सामना संपता संपता. गोलांच्या तक्त्यात या सत्तर मिनिटांसाठी रकाना नाही.

फ्रँको मूळचे बार्देशातील कोलवाळचे आणि वाढले मुंबईत. गोमंतकीयांचे मुंबईस येणे ही तेव्हा नवी गोष्ट नव्हती. धोबीतलावाच्या परिसरातील ‘कूड’, म्हणजे एकेका गावच्या लोकांनी चालविलेली सामायिक बिऱ्हाडे, त्याची साक्ष देतात. १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी भारतीय संघात फ्रँको यांची निवड झाली तेव्हा त्यांचे जन्मगाव पोर्तुगीज अमलाखाली होते. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी. जाकार्त्याचे सुवर्णपदक त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत आले. राजकीय इतिहासाच्या अभ्यासकांनी या दोन तारखांमधील खेळाडूच्या स्थितीकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

रोम येथे भारताने फ्रान्सला १-१ असे बरोबरीत रोखले होते. फ्रान्सचा तो ऑलिंपिक संघ होता. त्यात रेमों कोपा नव्हते. पण प्रस्तुत प्रश्नासाठी कोपा यांचे उदाहरण उद्बोधक आहे. १९५८ च्या विश्वचषकात फ्रान्सच्या जुस्त फोंतेन यांनी तेरा गोल केले आणि तो विक्रम अद्याप अबाधित आहे. चेंडू पुरविणारे कोपा गोलांच्या तक्त्यात फोंतेन यांच्या पुष्कळ मागे होते. तरीही त्या वर्षीचा युरोपातील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा ‘सुवर्णचेंडू’ कोपा यांना मिळाला, कारण तो ‘फ्रान्स फुटबॉल’ या पत्राने बोलाविलेल्या क्रीडावार्ताहरांच्या मतांनी ठरत असे, आणि वार्ताहर खेळ पाहून मत देत. एका पोलिश खाणकामगाराच्या मुलाची कीर्ती अशा रीतीने आकड्यांपलीकडे नोंदली गेली.

मुंबईत हे घडले नाही. येथील नेव्हिल डिसूझा यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ते नाव निदान तक्त्यामुळे तरी टिकून राहिले. हाफबॅकला तक्त्याचा असा आधार नाही.

फ्रँको यांची मुंबईतील कारकीर्द टाटा स्पोर्ट्स क्लब व पश्चिम रेल्वे या संघांत घडली. मुंबईच्या फुटबॉलचा आर्थिक पाया त्या काळी अशा नोकरी देणाऱ्या संस्थांचा होता : रेल्वे, टाटा, बर्मा-शेल, कॅलटेक्स. कॅलटेक्सने १९५८ चा रोव्हर्स करंडकही जिंकला. खेळाडूस पगार कचेरीतून मिळे आणि कूपरेजचे मैदान चर्चगेटपासून पायी जाण्याच्या अंतरावर होते. ही व्यवस्था मोडली तेव्हा तिची दप्तरेही विखुरली. बर्मा-शेल १९७६ साली राष्ट्रीयीकरणात भारत पेट्रोलियममध्ये रूपांतरित झाली, कॅलटेक्सही पुढे सरकारी कंपनीत विलीन झाली. कोणत्या मोसमात कोण कोणत्या जागी खेळला, हे सांगणारे कागद कंपनीच्या दृष्टीने जपण्याजोगे नव्हतेच.

उरते ते मौखिक साधन, आणि त्याचा भूगोल बदललेला आहे. जुन्या मुंबईतील अनेक कुटुंबे पुढील दशकांत पश्चिम रेल्वेच्या मार्गाने उत्तरेकडे सरकली. कूपरेजपासून चाळीसहून अधिक किलोमीटरवर असलेले भाईंदर पश्चिम हे १९६२ मध्ये मिठागरांचे आणि उत्तन-डोंगरीच्या किनाऱ्यावरील कोळी-ख्रिस्ती वस्तीचे गाव होते. आज ते दाट वस्तीचे उपनगर आहे. कचेऱ्यांच्या संघांतून खेळलेल्यांच्या आठवणी जमवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने ग्रंथालयाइतकेच अशा उपनगरांतील घरांकडे वळावे. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. त्या पिढीतील बहुतेकांनी ऐंशी ओलांडलेली आहे.

जाकार्त्यानंतरचा कालखंड थोडक्यात सांगता येतो. १९६४ मध्ये इस्रायल येथील आशिया चषकात उपविजेत्या ठरलेल्या भारतीय संघात फ्रँको होते. १९६३-६४ च्या मोसमात महाराष्ट्राने संतोष करंडक जिंकला, त्या संघातही ते होते. यापूर्वी १९५४-५५ मध्ये हा करंडक जिंकला होता तो ‘मुंबई’ या नावाने. राज्याच्या निर्मितीनंतर ‘महाराष्ट्र’ या नावाने मिळविलेला हा पहिलाच विजय होय. पुढील विजयासाठी १९९०-९१ पर्यंत थांबावे लागले. फ्रँको गोव्याच्या साळगावकर संघाकडूनही खेळले. गुडघ्याच्या दुखापतीने त्यांचा खेळ अकाली थांबला.

२०२४ साली रहीम यांच्या जीवनावरील ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि जाकार्त्याचा सामना नव्या पिढीसमोर आला. फ्रँको यांना तो पाहता आला नाही. १० मे २०२१ रोजी गोव्यात त्यांचे निधन झाले होते.